मधली काठी

मी बोट दाखवलं, नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणालो, "डावीकडे कोणी नाही," आणि जिच्याकडे बोट दाखवलं होतं ती म्हातारी नमस्कारासाठी कमरेत वाकली. तिला वाटलं असणार, ड्रायव्हर हात करून सांगतोय, आजी, आधी तुम्ही जा. म्हणून ती भाजीची पिशवी सावरत रस्त्यात उतरली आणि त्याच वेळी मी ब्रेकवरचा पाय उचलला. पुढच्या दाराशी, भाड्याच्या पेटीजवळ, एक गृहस्थ उतरायच्या तयारीत उभे होते. ते नुसते "अहो" म्हणाले, ओरडलेसुद्धा नाहीत. बस जागच्या जागी थबकली. मागे कुणाची तरी छत्री घरंगळत गेली. म्हातारी आपल्या चालीनं पलीकडे पोचली, वळली आणि पुन्हा वाकली. मीही टोपीला हात लावला. दुसरं काय करणार होतो? मग माइकवर प्रवाशांची माफी मागितली, बस वळतेय, कड्या धरा म्हणून सांगितलं आणि डावीकडे वळून चढण चढायला लागलो.

झालं काहीच नाही. ते गृहस्थ पुढच्या थांब्यावर भाडं टाकून नेहमीच्या रीतीनं आभार मानून उतरले. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं असतं तरी बरं वाटलं असतं. मी डोंगरावरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, बस वळवली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. खाली नागासाकीचं बंदर पसरलं होतं. गोदीतली क्रेन दिसत होती, तिच्या टोकावरचा दिवा दिसत होता. मग म्हातारी कशी दिसली नाही? आणि गंमत अशी की दिसली नाही असं म्हणताच येत नव्हतं. आठवायला लागलो तर ती होती. चपलांच्या बंद पडलेल्या दुकानाचं करडं शटर, त्याच्यापुढे करड्या कोटातली बाई. फक्त ती शटरवर रंगवल्यासारखी होती. शटर आणि ती यांच्यामध्ये जागाच नव्हती. जिथं जागा नाही तिथं माणूस उभा कसा राहील? म्हणून तोंड म्हणालं, कोणी नाही.

तोंड म्हणालं, हेच मला जास्त छळत होतं. आम्हा बसवाल्यांना हे बोट दाखवून बोलणं पहिल्या दिवसापासून हाडीमासी भिनवतात. मला त्सुरुतासाननी शिकवलं, ते माझे वस्ताद. नव्या पोराच्या मागे उभे राहायचे आणि बोट नीट ताठ झालं नाही तर मनगटावर चापट मारायचे. म्हणायचे, "बोट गेलं की डोळा जातो, डोळ्यानं पाहिलं की मग तोंड उघडायचं. आधी तोंड उघडणारा ड्रायव्हर नसतो, रेडिओ असतो." ती सवय इतकी लागली की घरातून निघताना मी गॅसच्या बटणाला बोट दाखवून "बंद" म्हणतो, दाराच्या कुलपाला म्हणतो. मुलीच्या लग्नात तिला सासरच्यांच्या गाडीत बसवताना मागच्या दाराकडे बोट करून "दार लागलं" असं मोठ्यानं म्हणालो आणि व्याही हसून हसून रडायचे बाकी राहिले. मी स्वतःही कितीदा तरी हसलोय त्यावर. पण त्या दिवशी वरच्या थांब्यावर बसल्याबसल्या मला वाटलं, कधीपासून माझं बोट आणि तोंड डोळ्याला वगळून आपसातच कारभार करताहेत कोण जाणे. की डोळ्यानंच दगा दिला आणि मी उगाच सवयीला बोल लावतोय? दोन्हीपैकी काय वाईट ते ठरेना. उतारावर मी प्रत्येक वळणाला इतक्या जोरात ओरडत होतो की एका बाईनं विचारलं, आज नव्या माणसाची परीक्षा आहे का.

परीक्षा होतीच, पण माझी. वाढदिवस जवळ आला होता आणि परवाना नवा करून घ्यायची मुदत चालू झाली होती. साध्या गाडीवाल्याला काय, नजर तपासायचा, एका बाजूला फट असलेल्या गोलांचा तक्ता वाचला, फोटो काढला की झालं. मोठा ट्रक चालवणाऱ्याला किंवा भाडं घेऊन माणसं नेणाऱ्याला अंतर जोखायची आणखी एक पेटी पार करावी लागते. आमच्या डेपोत माणसाची किंमत त्याच्या आजारावरून करतात. चहाच्या खोलीत बसलं की एकाचा रक्तदाब, दुसऱ्याची साखर, तिसरा आरोग्य तपासणीच्या आदल्या आठवड्यात नूडल्सचं सूप वाडग्यात तसंच ठेवून उठतो आणि त्याकडे वळून वळून बघतो. नोमासानला झोपेत श्वास अडकण्याचा विकार निघाला तेव्हा त्याला बसवरून उतरवून गाड्या धुवायला लावलं. उपचार घेतोय, पुन्हा चालवीन म्हणतो, पण आता रबरी बूट घालून पाइप धरून उभा असतो आणि आमची बस आत शिरली की हात हलवतो. आम्ही पण हलवतो. त्याच्या डब्यातलं लोणचं पूर्वी सगळे ओरबाडून खायचे, हल्ली का कोण जाणे, कुणी हात लावत नाही. मी त्या दिवसांत त्याच्या बाजूनं जायचंच टाळलं.

ओमुराच्या परवाना केंद्रात मी सुट्टी घेऊन गेलो. ती पेटी मला काही नवी नव्हती. छोट्या खिडकीतून आत पाहायचं. उजेडात तीन काळ्या काठ्या उभ्या. दोन बाजूच्या स्थिर, मधली पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. तिन्ही एका रांगेत आल्या की हातातलं बटण दाबायचं. थोडीफार चूक चालते, जास्त चालत नाही. बस. मी तरुणपणी मासळीचा ट्रक चालवायचो तेव्हा पहिल्यांदा ही परीक्षा दिली होती आणि मला ती चक्क आवडली होती. मधली काठी अशी अलगद माझ्याकडे चालत यायची, जशी काही ओळखीची आहे, आणि दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली की मला छातीत कळायचं, आता. बटण दाबायचा विचारही करावा लागायचा नाही. तपासणारा म्हातारा म्हणाला होता, तुमच्या डोळ्याला हात आहेत. ते वाक्य मी कित्येक वर्षं लोकांना ऐकवलं. दारू प्यायलो की हमखास ऐकवायचो.

या खेपेला खिडकीतून पाहिलं तर तीन काठ्या कागदावर काढल्यासारख्या. मधली जरा जाड होत होती, जरा बारीक होत होती, पण येत नव्हती आणि जात नव्हती. मी वाट पाहिली. वाटलं, डोळा सरावेल. उजव्या डोळ्यापुढे ती मध्येच किंचित वाकडी व्हायची, पाण्यात धरल्यासारखी. मागे रांगेत ट्रकवाले, टॅक्सीवाले उभे, कुणी तरी घड्याळ पाहत असणार. मी दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या आणि फारच गोड आवाजाच्या होत्या. हळूच म्हणाल्या, आज थकून आला असाल, मुदत आहे, विश्रांती घेऊन परत एकदा या. मग जरा थांबून, हेही सांगणं कर्तव्य म्हणून सांगितलं की बसचा वर्ग सोडून द्यायची तयारी असेल तर साध्या गाडीचा परवाना आजच्या आज मिळेल. हॉटेलात मासा संपला म्हणून भात तरी घ्या म्हणतात तसं. मी म्हणालो, परत येतो. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि माझ्या दोन्ही हातांकडे पाहत राहिलो.

साएकोला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सांगितलं की गर्दी फार होती, पुन्हा जावं लागणार. तिनं बरं म्हटलं आणि चहाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. मी कपात ओतायला गेलो आणि धार कपाच्या अलीकडे टेबलावर पडली. पूर्वीही कधीतरी पडत असेल. पण आता मला नादच लागला. कपडे वाळत घालताना चिमटा दोरीवर बसतो का, जिना उतरताना पाय शेवटच्या पायरीला बरोबर टेकतो का, भाताचे दाणे चॉपस्टिकनं उचलताना वाटी किती लांब. डावा डोळा झाकून पाहायचं, उजवा झाकून पाहायचं. उजव्यानं पाहिलं की खिडकीची चौकट मध्येच दबायची. संडासात जाऊन टाइलांच्या रेघा पाहायचो, त्या लाटा व्हायच्या. साएको म्हणाली, "बाबा, डोळ्यात काही गेलंय का?" मुलगी झाल्यापासून ती मला बाबाच म्हणते. मी म्हणालो, धूळ. तिनं थेंबांची बाटली आणून दिली आणि मी निमूटपणे दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले.

आणि रोज सकाळी डेपोत हजेरी. काउंटरच्या पलीकडे कुरोइवासान उभ्या राहतात, माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. नळीत फुंकर मारून दारू नाही ते दाखवायचं, मग त्या चेहऱ्याकडे बघत विचारतात, तब्येत कशी आहे, झोप झाली का, काही त्रास? आम्ही सगळे एका दमात म्हणतो, काही त्रास नाही. हे शब्द म्हणताना कुणाचं लक्ष कुठं असतं! मी इतकी वर्षं म्हणत आलो. आता ते तीन शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधी घशात अडायचे, जाडसर व्हायचे, आणि तरी बाहेर पडायचे. एकदा कुरोइवासान मान तिरकी करून म्हणाल्या, "उराकावासान, आवाज बसलाय का?" मी म्हणालो, हल्ली जोरात ओरडतो ना वळणावर. त्या हसल्या, म्हणाल्या, तुमच्यासारखे सगळे असते तर मला काम उरलं नसतं. मी बसकडे चालत गेलो तेव्हा कान तापले होते. बसमध्ये बसलो की मात्र हातपाय आपोआप सगळं करायचे, रस्ता अंगात होता, कुठं झाड पुढे आलंय, कुठं गटाराची कड तुटलीय, सगळं पाठ. पाठ आहे म्हणूनच चाललंय, हे कळत होतं. त्यामुळे रस्त्यात काही नवीन आलं, दुरुस्तीवाल्यांचे शंकू, उलटी लावलेली व्हॅन, की पाठीवर घाम यायचा. मी अंतर दुप्पट ठेवायला लागलो. उशीर व्हायला लागला. प्रवाशांची माफी मागून मागून माझंच मला हसू यायचं, आणि राग पण.

त्सुरुतासानना गाठलं ते बंदराच्या धक्क्यावर. निवृत्त झाल्यापासून ते तिथंच गळ टाकून बसतात आणि मासा लागला तरी परत सोडून देतात. मी आडवळणानं सुरुवात केली, डेपोतल्या एका माणसाचं असं असं झालंय म्हणून. ते गळाकडे बघत म्हणाले, "तो माणूस उराकावाच ना?" मग ते म्हणाले, "काठीकडे बघूच नकोस रे. काठी मागच्या भिंतीला टेकली की पेटीत बारीक टक वाजतं. ते ऐक. मग तिथून थांबे म्हणायला लाग, माइकवर म्हणतोस त्याच चालीत. उएनोदान, इशिझाका, मिझुकामि देवळापुढे. देवळापुढे म्हणून झालं की दाब. काठीची चाल ठरलेली, तुझी चाल ठरलेली. अर्धा डेपो असाच पास होतो." मी विचारलं, तुम्हीपण? मला चापट मारणारा तो हात गळ गुंडाळत होता. मी म्हणालो, "मग आधी डोळा, नंतर तोंड, त्याचं काय?" ते म्हणाले, "ते बसमध्ये. पेटीत कोण म्हातारी रस्ता ओलांडत नाही." म्हातारीचं त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. माणूस बोलताना म्हातारीच म्हणतो, त्यात काय. तरी मी तिथून पळतच सुटलो म्हणा ना.

बाजारपेठेत, छपराखालच्या गल्लीत, मुकाए नावाच्या चष्मेवाल्याकडे ती तीन काठ्यांची पेटी आहे. ड्रायव्हर तिथं जाऊन सराव करतात, तो पैसे घेत नाही, चष्मा आपल्याकडून करतील एवढीच त्याची आशा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दरवेळी चुकलो. मग टक ऐकू यायला लागलं. उएनोदान, इशिझाका, मिझुकामि देवळापुढे. जमलं. पुन्हा जमलं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो, आणि मुकाए काउंटरवरून वर पाहून हसला. तीनचार खेपा झाल्यावर एका संध्याकाळी दुकानात कुणी नव्हतं, रस्त्यावरून ताइवानचे प्रवासी बोलत जात होते, आणि मी थांबे म्हणत असताना माझ्या लक्षात आलं की माझे डोळे मिटलेले आहेत. मी ते मुद्दाम मिटलेले नव्हते. ऐकताना माणूस मिटतो तसे मिटले होते. बटण दाबलं. मुकाएनं आकडा पाहिला आणि म्हणाला, उत्तम. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"उराकावासान," तो म्हणाला, "माझं काम काच विकायचं. हे काचेचं काम नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सुरकुती पडत असेल तर असं वाकडं दिसतं. डॉक्टरांना दाखवा." मी म्हणालो, परवाना होऊ दे, मग दाखवतो. तो म्हणाला, आधी दाखवा. मी म्हणालो, आधी दाखवलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर? त्यावर तो बिचारा फडक्यानं एकाच चष्म्याची काच पुसत बसला. मला त्याचा राग आला. काय दिवसभर एअर कंडिशनरमध्ये बसून लोकांना डॉक्टरकडे पाठवायचं! माझ्या जागी येऊन बघ म्हणावं. बसमधून उतरलो तर मी कोण? हा प्रश्न मी आधी कधी स्वतःला विचारला नव्हता आणि विचारल्यावर त्याचं उत्तर इतकं चटकन आलं की मला धडकी भरली. टोपी, पांढरे हातमोजे आणि आत कुणी नाही.

मी ओमुराला परत गेलो आणि पास झालो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्याच गोड आवाजाच्या बाई होत्या. टक वाजलं, मी ओठ न हलवता थांबे म्हणालो, दाबलं. पुन्हा तसंच. डोळे उघडे ठेवायचे एवढी एकच काळजी घेतली. बाईंना खरंच आनंद झाला. म्हणाल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं का, थकवाच होता. त्यांनी अभिनंदन केलं आणि मी वाकलो, जरा जास्तच वाकलो. मग फोटो. फोटोवाला म्हणाला, डोळे जरा मोठे करा. नवं कार्ड गरम गरम हातात पडलं. आगगाडीनं परतताना समुद्र उजव्या बाजूला होता, पाण्यात होड्या होत्या, आणि मी कार्ड खिशातून काढून बघत होतो, परत ठेवत होतो. सुटलो असं वाटायला हवं होतं. उलट आता कुठंतरी जाऊन कुणाला तरी काहीतरी सांगायचं राहिलंय, आणि ते माणूस घरी नाही, असं वाटत होतं. एका स्टेशनवर उतरलोच. काही कारण नव्हतं. फलाटावरच्या यंत्रातून कॉफी घेतली, ती न पिताच पुढच्या गाडीत बसलो.

साएकोनं कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, म्हणाली, डोळे काय असे वटारलेत. पण खूष होती. बांगड्याची साशिमी, कच्चेच पातळ काप, आणली होती, माझ्या आवडीची, आलं बारीक कापून. ती बोलत होती, मी जेवत होतो. बरं वाटायला लागलं होतं. खरंच लागलं होतं. तिनं मुलीला फोन करून सांगितलंही की बाबांचं झालं. मग ताटं उचलता उचलता म्हणाली, माझ्या ताईला वरच्या इस्पितळात हलवलंय, डोंगरावरच्या. उद्या सकाळी जाऊन येते. पहिली बस तुमचीच आहे ना, त्याच बसनं जाईन, पुढच्या बाकावर बसेन, कितीतरी दिवसांत तुमच्या बसमध्ये बसले नाही.

"ट्रामनं जा," मी म्हणालो.

ती हसली. "वर ट्राम कुठं जाते हो?"

खरं म्हणजे मलाच कळलं नव्हतं मी काय बोललो ते. ट्राम वर जात नाही हे या शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी म्हणालो, मग टॅक्सी कर. मग म्हणालो, परवा जा, उद्या पाऊस आहे. तिनं ताटं परत टेबलावर ठेवली. हात पुसले. माझ्याकडे बघत राहिली, आणि मी ते बघणं चुकवण्यासाठी कार्ड उचलायला गेलो तर बोटं टेबलावर कार्डाच्या अलीकडेच टेकली. तिनं ते पाहिलं. थेंबांची बाटली, टेबलावरचा चहा, सगळं तिच्या चेहऱ्यावर एकामागोमाग येऊन बसताना मला दिसलं. ते मात्र अगदी स्वच्छ दिसलं.

"मी नको," ती म्हणाली. "बाकीच्यांनी बसायचं."

मला राग आला. मी आवाज चढवला. तुला काय माहीत, तू घरात बसून बोलतेस, एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही पडला, सगळे असंच करतात, अर्धा डेपो असाच पास होतो. नोमाला बघितलंस का, पाइप धरून उभा असतो, मला तसं उभं करायचंय का तुला? आणि डॉक्टर काय, डॉक्टर एक सही करतील आणि मी संपलो. बोलता बोलता माझा आवाज असा फाटला की शेजारच्या घरात कुणीतरी टीव्ही बंद केला. साएको माझ्यासमोर बसली. तिनं मला धीर दिला नाही, की दोष दिला नाही. विचारलं, कधीपासून. मी तिला सांगितलं. चपलांच्या दुकानासमोरची म्हातारी सांगितली, ती कशी वाकली ते सांगितलं. काठ्यांचं, थांब्यांचं, न पाहता पास झाल्याचं सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाच डोळ्याला एप्रनचा कोपरा लावला. मी रडलो नाही, पण रडायला हरकत नव्हती असं नंतर वाटलं. शेवटी ती उठली, फोन आणला आणि माझ्या हाताखाली, अगदी बोटांना लागेल असा, ठेवला.

कुरोइवासान अजून डेपोतच होत्या. आवाजावरून त्यांनी ओळखलं. मी नाव सांगितलं, अवेळी फोन केल्याबद्दल माफी मागितली, आणि मग ते म्हटलं. "मला नीट दिसत नाही. बरेच दिवस झाले." मला वाटलं, आता म्हणतील की परवाना तर आजच झाला ना. पण त्या माझ्यापेक्षा हुशार निघाल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्याची पहिली गाडी कुणाला देऊ?" ती गाडी कुणाला द्यावी हे माझ्याशिवाय कोण सांगणार? त्या चढणीवर कोण घाई करतं, कोण आरशात कमी बघतं, कुणाच्या बायकोला दिवस गेलेत म्हणून पहाटेचं काम नको, हे मला सगळं ठाऊक होतं. मी एकेक नाव मनात घेतलं आणि सोडलं. प्रत्येक नाव सोडताना वाटत होतं, नाही, याला नको, त्याला नको, मीच जातो. मग एक नाव सांगितलं. सांगताना त्याला सावकाश चालवायला सांगा असंही म्हणालो. त्या हो म्हणाल्या, सकाळी मला भेटायला या म्हणाल्या, आणि मी फोन ठेवून दिला.

साएको ताटं घासत होती. पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, डेपोत जाऊन आलात की ताईकडे दोघं जाऊ, त्या इस्पितळात डोळ्यांचेही डॉक्टर आहेत.

"कशानं जायचं?" मी विचारलं.

"बसनं," ती म्हणाली. "दुसरं काय जातं वर?"